दोन तळहातांचा धडा

पाटीनं मला पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही, आणि माझी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

माझं सगळं आयुष्य बटणांत गेलं. तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर मी नियंत्रकाच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसायचे. बटण दाबायचं, लाल दिवा लागला की बोलायचं. ‘कोल्हापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’ माझा आवाज मुळात लहान. साहेब म्हणायचे, बाई, जरा मोठ्यानं. ते काही मला कधी जमलं नाही. पण झालं असं, की मी बोलायला लागले की ऐकू यावं म्हणून फलाटावरची माणसंच गप्प व्हायची. पुढं पुढं लोक म्हणायला लागले, रत्नाक्कानं सांगितलं ना, मग गाडी येणार. गाड्या उशिरा यायच्या, पण मी न येणारी गाडी कधी पुकारली नाही.

निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती, तेव्हा माझी मुलगी चंदना ती पाटी घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या पाटाएवढी काळी काच, भिंतीवर टांगायची. तिच्यावर बटण नव्हतं, चित्रं नव्हती, यादी नव्हती. चंदना कोल्हापूरला ‘सांजसोबत’ नावाच्या कंपनीत होती, आणि ही पाटी त्यांचीच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेली.

“तू शिक, आणि मग गावातल्यांना शिकव,” ती म्हणाली. “माझ्या ऑफिसातली पोरं शिकवायला आली तर कुणी दार उघडणार नाही. तुझं ऐकतील.”

“मला तरी कुठं येतंय?”

“म्हणूनच. ज्याला यायला त्रास झाला तोच नीट शिकवतो.”

मी काचेसमोर उभी राहिले. घसा साफ केला. “मला दवाखान्याची वेळ हवी आहे,” मी म्हणाले.

पाटी काळीच राहिली. मी पुन्हा म्हणाले. चंदना हसायला लागली. “आई, तू गाडी पुकारतेयस. तुझ्या बोलण्यात फटच नाही. तिनं शिरायचं कुठून?”

तेव्हा तिनं मला समजावून सांगितलं, आणि ते मी पुढं वर्गात तसंच सांगत आले. आजवरची यंत्रं माणूस जे करतो ते टिपायची. पाटी टिपायची ते करण्याच्या आधीचं. काचेला लागण्यापूर्वी बोट हवेत थबकतं, डोळा एका जागी रेंगाळतो, बोलता बोलता श्वास अडतो. ही अडखळ प्रत्येकाची वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. अशा अडखळीनंतर माणूस पुढं काय करतो, हे लाखो माणसांचं बघून पाटी शिकली होती. दूध उतू जाण्याआधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे येतात, ते बघून आपण गॅस बारीक करतो. तसंच हे. तरुण माणसं फारशी अडखळत नाहीत. म्हातारी पावलापावलाला अडखळतात, म्हणून ही पाटी त्यांच्यासाठी.

मग मी अडखळायला शिकले. मायक्रोफोनसमोर उभं आयुष्य न अडखळण्यात गेल्यावर हे सोपं नव्हतं. तोंड उघडायचं, अर्ध्यावर थांबायचं, हात उचलून धरायचा आणि काच उजळायची वाट बघायची. दोन आठवड्यांत जमलं. माझ्या मनात दवाखाना येतोय तोवर काचेवर डॉक्टरांची वेळ उमटायला लागली. गंमत वाटायची, आणि थोडी भीतीही.

‘हो’ म्हणायचं तर काचेवर तळहात टेकवून ठेवायचा. ‘नाही’ मात्र मला सापडेना. हात खाली घेतला की पाटी ‘नंतर’ समजायची आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची.

“नाही कुठं आहे गं हिच्यात?”

“आपल्याकडं चहा विचारला की म्हातारी माणसं आधी काय म्हणतात?” चंदनानं विचारलं.

“नको म्हणतात.”

“आणि मग?”

“मग घेतात.”

“पाटीनंही तेच बघितलंय. लाखो वेळा. नाही म्हणजे पुन्हा विचार.”

मीसुद्धा हसले होते तेव्हा. आपल्या माणसांची रीत एका यंत्रालाही कळली, याचं कौतुकच वाटलं मला.

एकदा ओल्या फडक्यानं काच पुसून झाल्यावर मी तोल सावरायला दोन्ही तळहात एकदम तिच्यावर टेकले आणि तसेच ठेवले. काच पांढरी झाली. वर अक्षरं आली, ‘पुसायचं?’ मला वाटलं, धूळ विचारतेय. मी हात काढला नाही. पाटी कोरी झाली. माझ्याविषयी तिला जे जे कळलं होतं, जे जे मी तिच्यावर सोपवलं होतं, सगळं गेलं.

चंदनाला फोन केला तर ती जराशी चिडली. “हे वर्गात दाखवू नकोस हं, आई. एकानं केलं की सगळे करतील, आणि आपली मेहनत वाया.”

मी दाखवलं नाही.

---

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाच्या घरीही कंपनीनं एकेक पाटी टांगून दिली होती. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आप्पासाहेब खोत पहिल्या दिवशीच पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“रत्नाक्का, ही आमच्या मंडळींसारखीच दिसतीया. मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार.”

“मग बरंच आहे की.”

“कसलं बरं? तिच्याशी भांडाय तरी मिळत होतं.”

सगळे हसले, आणि हसल्यावर काचेची भीती गेली. म्हातारी माणसं यंत्राला भीत नाहीत. आपल्याला कुणी हसेल याला भितात. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट शिकवायचे, ती जमली की त्या दिवसाचा वर्ग संपला. आणि हरेकाच्या हातावर हात ठेवून म्हणायचे, “घाबरू नका. अडलं तर मी आहे.”

माझं सांजेचं मौन मात्र मी वर्गासाठीही मोडलं नाही. सूर्य मावळायच्या वेळेला मी सामायिकाला, म्हणजे आमच्या जैनांच्या ध्यानाला, बसते. दोन घटका डोळे मिटून, कुणाशी बोलणं नाही, खुणेनंसुद्धा शक्यतो नाही. लग्नाआधीपासूनचा नियम आहे. स्थानकावर असतानाही त्या वेळची पाळी मी कधी घेतली नाही. वर्गातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. खिडकीतलं ऊन पिवळं झालं की आप्पासाहेबच म्हणायचे, “चला, उठा. अक्कांची गाडी सुटायची वेळ झाली.”

वर्गात सगळ्यांत थोरल्या पद्मव्वा. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, अगदी समोरच्या घरात राहायच्या. सकाळी दर्शन घेतल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. गुडघे गेलेले, तरी काठी टेकत गल्ली ओलांडायच्या. पावसात शेवाळ धरलं की बस्तीतले पुजारी फरशीवर राख टाकून ठेवायचे, पद्मव्वांसाठी.

त्यांचं बोट थरथरायचं. पाटीला ती थरथर अडखळच वाटायची, आणि ती भलभलतं विचारत सुटायची. मी त्यांचं मनगट धरून शिकवलं. ज्या दिवशी त्यांनी एकट्यानं पाटीवरून औषधं मागवली त्या दिवशी वर्गात सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटले.

“रत्ना, माझ्या आईला सही येत न्हवती,” त्या म्हणाल्या. “आणि मी बघ, भिंतीशी बोलाय लागले.”

---

पुढं कंपनीनं पाटीत ‘मुखत्यारी’ आणली. कल्पना सरळ होती. तुम्ही काय ठरवणार हे पाटीला आधीच कळतं, आणि शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर कळतं, तर प्रत्येक वेळी विचारून दमवायचं कशाला? एकदा तळहात टेकवून मुखत्यारी द्यायची, मग दवाखाना, औषधं, कुठं राहायचं, कुणी भेटायला यायचं, सगळ्याला तुमच्या वतीनं पाटीच हो म्हणणार. मला ते पटलं नाही. मी वर्गात सांगितलं, ज्याला द्यायची त्यानं द्यावी, पण मी देणार नाही. चंदना यावर काही बोलली नाही. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर एका सकाळी दर्शन करून मी बस्तीच्या पायऱ्या उतरत होते. पद्मव्वा खालच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरून मला बसवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. डोळे भरून आले होते.

“काय झालं, पद्मव्वा?”

“माझ्यापायी तू मौन मोडलंस की गं.”

मला कळेना.

“परवा सांजेला. पाटीवरनं बोललीस न्हवं का. मी आधी म्हटलं, ही वेळ रत्नाची न्हवं. मग म्हटलं, एवढी वर्षं पाळलेला नेम हिनं मोडला, म्हंजे माझंच कायतरी मोठं असणार. मी जास्त विचारलंच न्हाई बघ. तू म्हणालीस तळहात ठेवा, मी ठेवला.”

“मी काय म्हणाले?”

“आता तूच विचारतीस?” त्या हसल्या. “एकट्याच पडलातबिडलात तर कोण बघणार, म्हणालीस. मुखत्यारी द्या म्हणालीस. घाबरू नका, अडलं तर मी हाय, म्हणालीस. आज उठल्या उठल्या पाटीवर आलं, उद्या सकाळी गाडी येतीया. कोल्हापूरच्या पुढं ते सांजनिवास हाय बघ, तिथं न्यायला.”

बस्तीत कुणीतरी घंटा वाजवली. माझ्या हातातली तांदळाची डबी सांडली, तर पद्मव्वाच खाली वाकून दाणे वेचायला लागल्या.

सांजनिवास माझ्या माहितीतलं होतं. मोकळ्या माळावर कंपनीनं बांधलेली नवी इमारत. चंदनानं एकदा लांबून दाखवली होती. आसपास बस्ती नव्हती. म्हणजे पद्मव्वा पाणी पिणार नव्हत्या.

मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, की ती मी नव्हते. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या इतक्या आनंदात होत्या, की मी ते गिळलं. मी एवढंच म्हणाले, “मी कोल्हापूरला जाऊन येते. मी येईपर्यंत कुठं जाऊ नका.”

“मी कुठं जातीया? गाडी उद्या हाय.”

---

चंदनाच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काच होती. तिनं मला खुर्ची दिली आणि स्टीलच्या भांड्यातून पाणी दिलं.

“गाळलेलं आहे, आई. मीच गाळलंय.”

तिच्या कपाटात माझ्यासाठी पाणी गाळायचं एक पांढरं फडकं घडी करून ठेवलेलं असायचं. माझे सगळे नियम तिला पाठ होते. मी काय खाते, काय नाही, कोणत्या तिथीला हिरवी भाजी वर्ज्य. लहानपणी मी सामायिकाला बसले की ती माझ्या मांडीला टेकून बसायची, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून शेजारच्या पोरांना गप्प करायची.

“पद्मव्वांशी माझ्या आवाजात कोण बोललं?” मी विचारलं.

ती दचकली नाही. म्हणजे तिला हा प्रश्न अपेक्षित होता.

“पाटीच बोलली. आम्ही त्याला ओळखीचा आवाज म्हणतो. वर्गात तू जे बोललीस त्यावरून ती शिकली. नुसता आवाज नाही, तुझी समजावण्याची पद्धतसुद्धा. कुठं थांबतेस, कुणाला काय म्हणतेस. तुझ्या पाटीवर तो लावलेला नाही, म्हणून तुला ऐकू आला नाही.”

“मला विचारलंस का?”

“विचारलं होतं. पाटीवर प्रश्न आला होता, तुमचा आवाज वापरायला हरकत आहे का. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरतात.”

“कधी आला होता?”

तिनं पाण्याचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

मला आठवलं. एका सांजेला मी डोळे मिटून बसले असताना पाटीतून बारीक किणकिण आली होती. मी मन पुन्हा जपावर आणलं होतं. त्या विचलित होण्याचं मी दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्तही घेतलं होतं, एक वेळ जेवले नव्हते.

“ती वेळ यंत्रानं ठरवली का गं?” मी विचारलं. हो म्हण, असं मनात म्हणत होते. एवढं एक खोटं बोल.

“नाही,” चंदना म्हणाली. “मी ठरवली. दिवसा विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

बाहेरच्या काचेपलीकडं कुणीतरी हसत होतं. मी पदर सारखा केला. रागवायचं कसं ते मला येत नाही. स्थानकावरही कधी कुणावर ओरडले नाही.

“आई, बाबा गेले तेव्हा घरात कुणी नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “तू ड्यूटीवर, मी कॉलेजला. ते किती वेळ मोरीत पडून होते आपल्याला आजही माहीत नाही. असं एकटं कुणी मरू नये म्हणून मी हे करते. पद्मव्वा पडल्या तर? त्या स्वतःहून कधीच हो म्हणाल्या नसत्या. तुझ्या आवाजाला म्हणाल्या. वाईट काय झालं?”

“संध्याकाळीच का बोलली ती त्यांच्याशी? माझ्या वेळेला?”

“ते मात्र पाटीनं आपलं आपण शोधलं. त्या वेळेला तुझ्या आवाजाला जास्त लोक हो म्हणतात. वर्गातले तर जवळजवळ सगळेच. का, ते आम्हालाही कळलेलं नाही.”

मला कळलं होतं. वर्गातल्या प्रत्येकाला माझी वेळ ठाऊक होती. प्रत्येकाला वाटलं असणार, अक्कांनी माझ्यासाठी नियम मोडला, आता नाही कसं म्हणायचं? चोरानं कुलूप तोडलं नव्हतं, कुलपाचीच किल्ली करून घेतली होती.

“तिथं बस्ती नाही, चंदना. त्या पाणी घेणार नाहीत.”

“पडद्यावर दर्शनाची सोय आहे. आणि पाटीचा अंदाज आहे, दोन-तीन दिवसांत घेतील. सवयी सुटतात, आई.”

“ती सवय नाही. नियम आहे.”

“मोजायला गेलं तर दोन्ही सारखेच दिसतात गं.”

तिनं हे उद्धटपणे म्हटलं नाही. खरंच तिला तसं दिसत होतं. पण सवय तर जमतं म्हणून होते. नियम ज्या दिवशी जमत नाही त्या दिवसासाठी असतो. आणि पाटीचा सगळा धंदा माणसाला काय जमेल याचा अंदाज करण्याचा. तो एक दिवस तिच्या हिशेबात यायचाच नाही.

“गाडी थांबव,” मी म्हणाले.

“माझ्या हातात नाही. मुखत्यारी ज्यानं दिली त्यानंच काढायची. पद्मव्वांना स्वतः पाटी पुसावी लागेल. आणि पाटी त्यांना आधी समजावेल.”

“कुणाच्या आवाजात?”

मी उठले. भांड्यातलं पाणी तसंच राहिलं. दारापाशी ती म्हणाली, “आई, निदान पाणी तरी,” पण मी मागं वळले नाही. लेकीच्या हातचं पाणी न पिता निघण्याची ती माझी पहिलीच वेळ.

---

परतीची बस वाटेत टायर बदलायला थांबली. उसाच्या फडांमागं सूर्य उतरत होता. मी घड्याळाकडं बघायचं टाळत होते. स्थानकावर उतरून जवळजवळ धावतच बस्तीच्या गल्लीत आले, आणि पद्मव्वांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला तोच बस्तीत आरतीची घंटा सुरू झाली. सूर्य गेला होता.

पद्मव्वा खाटेवर बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी भरून ठेवलेली. पाटीचा मंद उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

“आलीस व्हय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, येळ झाली तुझी.”

मी तोंड उघडलं. मोडावा नियम, मी मनात म्हटलं. उद्या मुनिमहाराजांसमोर प्रायश्चित्त घेईन, महिनाभर एकभुक्त राहीन. या बाईचं पाणी तुटण्यापेक्षा माझं मौन मोठं आहे का? शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात भिंतीवरून माझाच आवाज आला.

“पद्मव्वा, पिशवी भरून झाली का? गुडघ्याचं तेल राहायला नको हं.”

मी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. स्थानकाच्या कर्ण्यांतून यायचा तो आवाज खरखरीत असायचा. हा स्वच्छ होता, आणि मायाळू. पद्मव्वांचं तेल मीच वर्गात त्यांना आठवण करून द्यायचे. माझी मायासुद्धा माझ्याविना चालत होती.

आणि मग मला समजलं की बोलून उपयोग नाही. मी बोलले तर खोलीत एकच आवाज दोनदा होईल. त्यातला खरा कुठला, हे त्या कशावरून ठरवणार? जे त्या आवाजाला येत नव्हतं असं माझ्यापाशी एकच उरलं होतं. मी ओठ मिटले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

पद्मव्वांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“रत्ना, तू हितं बसलीस, आन् तिथं कोण बोलतंय?”

“मीच आहे, पद्मव्वा,” पाटी म्हणाली. “दमला असाल. आता पडा.”

पद्मव्वा वाकल्या. त्यांनी आपली थरथरती बोटं माझ्या ओठांवर ठेवली, आंधळी माणसं चेहरा चाचपतात तशी, आणि तशीच ठेवून पाटीचं बोलणं पुन्हा ऐकलं. माझे ओठ हलत नव्हते.

“मिटलेत की,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “म्हंजे परवाबी तू न्हवतीस.”

मी फक्त त्यांच्याकडं बघितलं.

“तू मोडलंच न्हवतंस.”

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. कुणीतरी आपल्यासाठी एवढा मोठा नियम मोडला, हे गेले दोन दिवस त्यांचं सुख होतं. मी समोर गप्प बसून ते त्यांच्याकडून काढून घेत होते. त्यांनी माझ्या ओठांवरची बोटं काढून आपल्या पदरात लपवली.

मी उठून पाटीपाशी गेले. काचेला न लावता माझे दोन्ही तळहात तिच्यासमोर हवेत धरले. मग हात खाली घेऊन त्यांच्याकडं वळले आणि पुन्हा तसेच धरले. वर्गात मी असंच शिकवायचे, एक गोष्ट, दोनदा दाखवून. हीच एक गोष्ट मी लेकीच्या सांगण्यावरून कुणाला दाखवली नव्हती.

पद्मव्वा काठी टेकत आल्या. काठी भिंतीला लावून ठेवली. दोन्ही तळहात काचेवर टेकले.

काच पांढरी झाली. ‘पुसायचं?’

“पद्मव्वा, हात थरथरतायत तुमचे,” माझा आवाज म्हणाला. “मनात शंका आहे ना? मग नको. हात खाली घ्या. आपण उद्या बोलू.”

हात खरंच थरथरत होते. पाटी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. दर वेळी आवाज थोडा आणखी हळू, आणखी जवळचा होत होता. मी मागं उभी राहून त्यांच्या कोपरांखाली माझे हात धरले. त्यांचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं.

“घाबरू नका,” आवाज म्हणाला. “अडलं तर मी…”

आणि तिथंच तुटला. काच काळी झाली.

आम्ही दोघी अंधारात खाली बसलो. दोन घटका संपेपर्यंत त्या माझ्याशेजारी डोळे मिटून होत्या. मी सामायिक पूर्ण करून उठले आणि दिवा लावला. बोलायला म्हणून त्यांच्याकडं वळले.

“आता बोलू नगं,” पद्मव्वाच म्हणाल्या. “सकाळी दर्शनाला ये. तवा बोल. उजेडात, तोंडाकडं बघून ऐकीन.”

---

सकाळी गाडी आली, चालकानं नाव विचारलं, यंत्रात बघितलं आणि तशीच परत गेली. पद्मव्वा तेव्हा बस्तीत होत्या.

त्या दिवशीच्या वर्गात मी दोन तळहातांचा धडा घेतला. आप्पासाहेबांनी विचारलं, “आणि ज्याला ठेवायची आहे मुखत्यारी, त्यानं?” मी म्हटलं, त्यानं ठेवावी, पण पुसता येतं हे माहीत असून ठेवावी. काहींनी पुसली, काहींनी ठेवली. आप्पासाहेबांनी ठेवली. मी तोंड उघडायच्या आत उत्तर देणारं घरात कुणीतरी हवं, म्हणाले. हसत म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. आता वर्गात मी कुणाला धीर देताना काही म्हटलं, की एक क्षण सगळे माझ्या ओठांकडं बघतात.

क्षमावाणीच्या दिवशी चंदना आली. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते. तिनं हात जोडले, पायाला हात लावला. “आई, क्षमा.” मीही हात जोडले आणि म्हटलं, क्षमा. ते मनापासून म्हटलं. क्षमा माझ्या नियमात आहे. मग तिला आवडते म्हणून खीर केली, तिनं पोटभर खाल्ली, आणि ऊन पिवळं होताना ती नेहमीसारखी माझ्याशेजारी येऊन बसली.

मी डोळे मिटणार होते. मग उठले, भिंतीसमोर उभी राहिले. माझी पाटी मी कधीच काढून दिली आहे, तिथं आता नुसता खिळा आहे. पण घरात कुठं कुठं काय ऐकणारं असतं, ते हल्ली कुणाला सांगता येतं?

“नाही,” मी म्हणाले. जरा मोठ्यानं. मला तेही आता जमतं.

चंदनानं मान खाली घातली.

हा माझा नवा नियम आहे. सामायिकाला बसण्याआधी रोज एकदा ‘नाही’ म्हणायचं, आणि मगच गप्प व्हायचं.